घराबाहेर बॅटरी बसवायची आहे? आधी भिंत निवडा

गच्चीवर सोलर बसलं, वीजबिल खाली आलं, सगळं छान चाललंय. मग एका दुपारी लाईट जाते आणि लक्षात येतं की वर ऊन रखरखतंय, पॅनेल तापलीत, पण खाली पंखा बंद आहे. साध्या ऑन-ग्रिड सोलरचा इन्व्हर्टर महावितरणचा पुरवठा गेला की स्वतःही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून उलटा शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. त्यानंतर घरात बॅटरीचा विषय निघतो. कोटेशनं येतात, त्यात क्षमता असते, वॉरंटी असते, हप्ते असतात. बॅटरी नेमकी कुठे बसणार, ते मात्र बहुतेक वेळा नसतं. बसवायच्या दिवशी दोन पोरं ड्रिल घेऊन येतात, विचारतात, "काका, कुठं लावायची?" आणि काका मीटरच्या बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवतात.

ते बोट दाखवण्याआधी काय काय बघायचं, त्यासाठी हा लेख. बसवणारा माणूस जागा निवडतो ती त्याला सोपी पडेल अशी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला संध्याकाळपर्यंत अजून एक घर करायचं असतं. त्या भिंतीवर मे महिन्यात किती वाजेपर्यंत ऊन असतं आणि जुलैत पाऊस कुठून मारतो, हे तुम्हालाच माहीत असतं. म्हणून जागा तुम्ही ठरवायची आणि त्याच्याकडून तपासून घ्यायची.

बाहेरच का?

आपल्याकडे इन्व्हर्टर-बॅटरीची परंपरागत जागा म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. लिथियमसाठी ती सर्वांत वाईट जागांपैकी एक. घरगुती साठवणीसाठी आता जी लिथियम बॅटरी सर्रास मिळते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारची. मोबाइल-लॅपटॉपमधल्या लिथियमपेक्षा ही जास्त शांत स्वभावाची, सहसा पेटत नाही. पण बिघाड होऊन सेल आतून तापत गेला तर ती ज्वलनशील आणि विषारी वायू सोडते. हा धूर जिन्यात साठला तर वरच्या मजल्यावरच्यांचा खाली यायचा रस्ताच बंद. ब्रिटनमध्ये २०२४ साली आलेल्या घरगुती बॅटरीच्या नियमावलीत जिना, बाहेर पडायचा मार्ग आणि माळा या जागा नकोत असं स्पष्ट म्हटलंय, आणि शक्य असेल तर बॅटरी घराबाहेर लावा असा कल आहे. तो विचार आपल्यालाही लागू पडतो. फरक एवढाच की त्यांचा त्रास थंडीचा, आपला उन्हाचा आणि पावसाचा.

पहिलं काम: बॅटरीची पाटी वाचा

प्रत्येक बॅटरी बाहेर लावायची नसते. हे आधी बघा, कारण इथे उत्तर नकारार्थी आलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

बॅटरीच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात 'आयपी' आणि त्यापुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. आयपी २० म्हणजे आत बोट जाणार नाही इतकंच, पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. कपाटातल्या कप्प्यांसारख्या रॅकमध्ये सरकवायच्या ज्या स्वस्त लिथियम बॅटऱ्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच आयपी २० असतात. त्या घरातल्याच. 'वरून पत्रा टाकू, काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि पाण्याची धार मारली तरी चालेल. बाहेरसाठी हा आकडा धरून चालावं. आयपी ५४, ५५ असेल तर पक्क्या छताखाली, तीन बाजूंनी आडोसा असलेल्या पडवीत विचार करता येईल, उघड्या भिंतीवर नाही.

तीन गोष्टी मात्र या आकड्यात येत नाहीत. एक म्हणजे ऊन. आयपी ६५ असलेला डबाही उन्हात तितकाच तापतो. दुसरी, खारा वारा. ही चाचणी साध्या पाण्याने होते, मिठाची चाचणी वेगळी असते. मालवण, अलिबाग, श्रीवर्धन किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर घर असेल तर ती झाली आहे का, हे मुद्दाम विचारा. काही कंपन्या समुद्रापासून ५०० मीटरच्या आत उघड्यावर बसवू नका असं माहितीपुस्तिकेत लिहितात. तिसरी गोष्ट, तो आकडा कारखान्यातून आलेल्या अखंड डब्याचा असतो. वायर घालायला एक भोक जादा पाडलं आणि तिथे नीट ग्लँड, म्हणजे वायरभोवतीची फट घट्ट बंद करणारी कडी, बसवला नाही, की आकडा गेला.

त्याच पत्रकात तापमानाची ओळ असते. चार्जिंगची आणि वापराची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते, आपण बघायची ती चार्जिंगची. एलएफपीला साधारण ० ते ४५ अंश, काही कंपन्या ५० किंवा ५५ पर्यंत देतात. आणि वॉरंटीच्या कागदात 'थेट सूर्यप्रकाश' हे शब्द शोधा. बहुतेक ठिकाणी सापडतात.

ऊन: इथे घाई करू नका

पाण्याने बॅटरी खराब झाली तर लगेच कळतं. उन्हाने ती हळूहळू मरते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी 'पूर्वीसारखी टिकत नाही हो' एवढंच जाणवतं. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल एक ढोबळ नियम आहे: २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं. लिथियमचं गणित इतकं सरळ नाही, पण दिशा तीच.

शिवाय आणखी एक अडचण आहे. बॅटरी चार्ज व्हायची वेळ आणि दिवसातली सर्वांत तापलेली वेळ जवळजवळ एकच असते. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तोसुद्धा सावलीतला. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीनचं ऊन खाणाऱ्या धातूच्या डब्याचा पृष्ठभाग यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. मर्यादा ओलांडली की बॅटरीतली नियंत्रण यंत्रणा, म्हणजे बीएमएस, चार्जिंग कमी करते किंवा थांबवते. ती बरोबरच करते. पण त्या वेळी गच्चीवरची पॅनेल भरभरून वीज देत असतात आणि रात्रीसाठी ती साठवायची राहून जाते.

मग कोणती भिंत? चारही बघू, कारण इथे आपल्या अंदाजाला थोडा धक्का बसतो.

पश्चिम नको. दुपारपासून मावळतीपर्यंत थेट ऊन, आणि रात्री नऊलाही हात लावला तर भिंत गरम.

दक्षिण वाटते तितकी वाईट नाही. शून्य सावलीचा दिवस ऐकला असेल. पुण्या-मुंबईत तो मेच्या मध्यावर येतो, नागपूरला मे संपता संपता. त्या दिवसापासून जुलैपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो, म्हणजे ऐन मेच्या उत्तरार्धात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास नसतंच. एप्रिलमध्येही तो इतका वर असतो की दोन फुटांचा छज्जा पुरतो. दक्षिणेला ऊन लागतं ते हिवाळ्यात, तेव्हा हवा थंड असते. ऑक्टोबर हीटचे काही आठवडे तेवढे बघावे लागतात.

उत्तरेला 'कायम सावली' हा समज हिवाळ्यापुरता खरा. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे मेमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. ते सोसण्यासारखं असतं, बाजूला आडवी भिंत असेल तर तेही अडतं.

पूर्वेला बाराच्या सुमारापर्यंत ऊन, छज्ज्याखाली दहा-अकरापर्यंतच, मग दिवसभर सावली. सकाळचं ऊन कोवळं, आणि रात्रीतून भिंत निवलेली असते. छज्जा असेल तर माझी पहिली पसंती पूर्वेला, मग उत्तरेला.

वास्तुशास्त्र पाळणाऱ्या घरात विजेच्या वस्तूंसाठी आग्नेय कोपरा सुचवतात. तो कोपरा पूर्वेच्या बाजूने मिळत असेल तर वाद घालायचं कारण नाही. फक्त आपल्याकडे स्वयंपाकघरही आग्नेयेलाच असतं, म्हणजे तिथेच गॅसचं सिलिंडर आणि एक्झॉस्ट फॅन. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

प्रत्यक्ष तपासायचं असेल तर एक रविवार द्या. खडू घ्या आणि नऊ, बारा, तीन आणि पाच वाजता भिंतीवर उन्हाची कड जिथे असेल तिथे रेघ ओढून वेळ लिहा. मे नसेल तर मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, त्यांत २० एप्रिल आणि २० मे या तारखा घालून बघा. दुपारी चारला भिंतीवर तळहात ठेवा. पाच सेकंदांत उचलावासा वाटला तर ती भिंत सोडा.

सावली नाहीच, अशी वेळ आली तर सावली तयार करा, पण बॅटरीला कपाटात कोंडू नका. बंद कपाटात तिची स्वतःची उष्णताही आतच राहते. वर पांढऱ्या रंगाचा पत्रा किंवा सिमेंटचा पत्रा, बॅटरीपासून फूटभर उंच, दोन्ही बाजू मोकळ्या. प्लायवूड, बांबूच्या चटया, हिरवी शेडनेट हे सगळं पेटणारं सामान, ते जवळ नको. झाडाच्या सावलीवरही विसंबू नका, ती सरकते, पानगळीत जाते आणि फांदी पडायची ती बरोबर पहिल्या वादळात पडते. नारळाखाली तर मुळीच नको.

थंडीचं काय? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, निफाडला काही सकाळी पारा शून्याकडे सरकतो. ० अंशाखाली लिथियम चार्ज करत नाहीत, बीएमएस स्वतःच थांबवते. पण उजाडता उजाडता चार्जिंगला फारशी वीज नसतेच, आणि भिंतीला टेकलेली बॅटरी हवेइतकी गार होत नाही. महाराष्ट्रात या काळजीत वेळ घालवू नये.

पाऊस कुठून मारतो?

नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती चार महिने भिजत असतात. तिथली जुनी घरं बघितलीत तर पावसाळ्याआधी पश्चिमेची पडवी बंदिस्त केलेली दिसते. उन्हाच्या हिशोबाने पूर्व आणि उत्तर बरी, पावसाच्या हिशोबानेही तीच. दक्षिण इथे मागे पडते. देशावर वळीव मात्र कुठूनही झोडपतो, म्हणून तिथे दिशेपेक्षा छज्जा महत्त्वाचा.

थेट पावसापेक्षा तीन पाणी जास्त त्रास देतात. पागोळ्यांचं पाणी खाली फरशीवर आपटून वर उडतं, ते दीड-दोन फुटांपर्यंत भिंत रंगवून ठेवतं. मागच्या पावसाळ्याचे चिखलाचे डाग बघा, त्या पट्ट्याच्या वर बॅटरी हवी. गच्चीवरच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी आणि सोलर गीझरची गळती नेमकी कुठल्या भिंतीवरून उतरते ते बघा. भिंतीवर शेवाळाचा हिरवा-काळा ओघळ असेल तर ती खूण पुरेशी आहे. तिसरं पाणी वायरवरून येतं. वरून खाली येणारी वायर सरळ डब्यात घातली की पावसाचं पाणी तिच्याच अंगावरून आत उतरतं. वायर आधी डब्याच्या खाली न्या, तिथे वळण द्या आणि खालूनच आत घ्या. वळणाच्या तळाशी थेंब गळून पडतो. वरच्या बाजूने वायर घालणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे थांबवा.

पुराचं वेगळं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये तळमजले पाण्याखाली गेले, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरनेही पूर पाहिला. अशा गावांत बॅटरीची उंची माहितीपुस्तिका सांगत नाही, शेजारचे म्हातारे सांगतात. पाणी आठवणीत जिथपर्यंत आलं त्याच्या वर, आणि ते जमण्यासारखं नसेल तर पहिल्या मजल्याची मागची गॅलरी किंवा गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीची बाहेरची पूर्वेकडची भिंत बघा. जिन्याच्या दारापासून मात्र लांब. पुरात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा चालू करायची नसते, वरून कोरडी दिसली तरी.

दार, खिडकी, गॅस

माहितीपुस्तिकेत अंतरं दिलेली असतात, ती पहिली पाळा. ढोबळ अंदाज हवा असेल तर बाहेरच्या देशांचे नियम बघता येतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकात खिडकी, बाहेर पडायचं दार आणि एसी-गीझरसारखी इतर उपकरणं यांपासून ६०० मिमी अंतर सांगितलंय. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात दार-खिडकीपासून ३ फूट, ब्रिटनमध्ये १ मीटर. मी १ मीटर धरतो. लक्षात ठेवायला सोपं, आणि धूर निघालाच तर तो बेडरूममध्ये शिरू नये हा हेतू त्यात बऱ्यापैकी साधतो. खिडकीच्या बरोबर खाली तर अजिबात नको, धूर वरच जातो.

गॅसचं सिलिंडर बाहेर ठेवत असाल तर एकाच कोनाड्यात दोन्ही नकोत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साठतो, आणि बॅटरीच्या बॉक्समध्ये ठिणगी पडू शकणारे स्विच असतात. पाणी तापवायचा बंब, चूल, सरपणाचा ढीग, पेट्रोलचा कॅन, ही मागच्या दारची मंडळीही लांब. एसीचं बाहेरचं युनिट समोरून गरम हवा फेकतं, त्याच्या तोंडापुढे बॅटरी लावली की सावलीचा सगळा फायदा गेला. सेप्टिक टँकच्या वाफेच्या पाइपजवळही नको, तो वायू तांबं खातो.

भिंतीच्या आतल्या बाजूला काय आहे तेही बघा. पलीकडे कुणाचं डोकं येत असेल, म्हणजे पलंग टेकलेला असेल, तर दुसरी जागा शोधा. आगीचा विचार आहेच, शिवाय हायब्रिड, म्हणजे सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, इन्व्हर्टर शेजारी असेल तर त्याचा पंखा रात्री घूं घूं करतो आणि तिसऱ्या दिवशी घरात भांडण. स्टोअर, न्हाणीघर, जाड दगडी भिंत, हे शेजार चांगले.

वायर किती लांब?

इथे बरेच जण उलटं करतात. सर्वांत छान सावलीची जागा मागच्या दारी सापडते, इन्व्हर्टर पुढे मीटरजवळ असतो, मग मधे दहा मीटर वायर ओढली जाते. हिशोब करून बघू. घरगुती लिथियम बॅटरी बहुधा ५१.२ व्होल्टची, १६ सेल प्रत्येकी ३.२ व्होल्टचे. त्यातून ५ किलोवॉट काढायचे तर जवळपास १०० अँपिअर प्रवाह लागतो. ३५ चौरस मिमीची तांब्याची वायर घेतली आणि अंतर १० मीटर असलं, तर जाऊन-येऊन २० मीटरमध्ये साधारण १ व्होल्ट आणि १०० वॉट वायर तापवण्यात जातात. तेच अंतर ३ मीटर ठेवलं तर ३० वॉट. बारीक वायर वापरली तर नुकसान आणखी, आणि सांधे सैल असले तर आगीची शक्यता.

म्हणून बॅटरीला इन्व्हर्टरकडे न आणता इन्व्हर्टरला बॅटरीकडे न्या. दोघं शेजारी, दोन-तीन मीटरच्या आत. मग इन्व्हर्टरपासून घरातल्या मेन बोर्डापर्यंत २३० व्होल्टची वायर लांब गेली तरी हरकत नाही, कारण तिथे त्याच ५ किलोवॉटला २२ अँपिअरच लागतात. कोटेशन घेतानाच हे सांगा, नंतर सांगितलं की 'एक्स्ट्रा वायरिंग' म्हणून वेगळं बिल येतं. इन्व्हर्टरही बाहेर राहणार असेल तर त्याचाही आयपी आकडा बघा.

काही नव्या बॅटऱ्या काहीशे व्होल्टच्या असतात. त्यांना प्रवाह कमी लागतो, अंतराचा त्रास कमी. पण इतक्या व्होल्टच्या डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, शॉक जीवघेणा, त्यामुळे वायर लोखंडी किंवा जाड पाइपातून, मुलांच्या हाती येणार नाही अशीच न्यायची.

भिंत पेलेल का?

५ किलोवॉट-अवरची भिंतीवरची लिथियम बॅटरी साधारण ४५-५० किलोची. विटेची नऊ इंची भिंत असेल तर चिंता नाही. चार इंची भिंत, हलके एएसी ब्लॉक किंवा कोकणातला जांभा चिरा असेल तर नुसता अँकर ठोकून भागत नाही. चिरा मऊ, काही पावसाळ्यांनी भोक ढिलं होतं. तिथे बॅटरी जमिनीवरच्या लोखंडी स्टँडवर किंवा विटांच्या ओट्यावर ठेवावी आणि भिंतीला फक्त आधारासाठी बांधावी. ओटा नऊ इंच ते फूटभर, चिखलाचा पट्टा उंच असेल तर जास्त. त्यावर कडप्पा किंवा शहाबादी फरशी, पुढे किंचित उतार. लाकडी स्टूल, प्लायवूड नको.

उंदीर, पाल, कुंभारमाशी आणि चेंडू

बॅटरीच्या मागे दोन इंच जागा, थोडी ऊब, माणसांची वर्दळ नाही. उंदराला याहून चांगलं बिऱ्हाड कुठलं? तो वायरचं रबर कुरतडतो, आणि गावाकडे त्याच्या मागोमाग धामणही येते. बॅटरीच्या बाजूला जुनी पोती, सायकली, कुंड्या रचू नका, चारही बाजू झाडता येतील अशा ठेवा. स्विचच्या बॉक्समध्ये पाल शिरली की ती दोन टोकांना चिकटून स्वतः मरते आणि शॉर्ट करून जाते, म्हणून न वापरलेलं प्रत्येक भोक बंद करून घ्या. कुंभारमाशी मातीची घरं बांधते ती नेमकी हवेच्या फटींमध्ये. दिवाळीच्या झाडलोटीत तिथे एक जुना टूथब्रश फिरवा. ॲसिड, फिनेल किंवा प्रेशर वॉशर नको.

पार्किंगच्या जागेत लावणार असाल तर रिव्हर्स येणाऱ्या गाडीचा विचार करा. समोर जमिनीत काँक्रीट भरलेला लोखंडी पाइप उभा केला की झालं. अंगणात क्रिकेट चालत असेल तर ऑफ-साइडची भिंत निवडू नका. थट्टा नाही, स्क्रीन फुटली तर तो दोष वॉरंटीत बसत नाही. घर वर्षातले काही महिने बंद असेल, तर रस्त्यावरून दिसणारी जागा टाळा, बॅटरी उचलून नेणारे असतात.

अर्थिंग

जागा निवडताना जमिनीकडेही बघावं लागतं. बॅटरीचा आणि इन्व्हर्टरचा धातूचा डबा अर्थ केलेला हवा, आणि अर्थिंगचा खड्डा जितका जवळ तितकं बरं. सोलरसाठी साधारणपणे तीन खड्डे करतात: एक डीसी बाजूला, एक एसी म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या बाजूला, एक आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाला. वीजरोधकाच्या तारेची वाट बॅटरीच्या भिंतीवरून काढू नका. मराठवाडा-विदर्भात मे-जूनमध्ये विजा पडतात त्या काळात तर नाहीच. सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासूनचं संरक्षण, बसवलं आहे का ते विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या. कामाला परवानाधारक ठेकेदार हवा, ओळखीचा वायरमन कितीही हुशार असला तरी.

जुनी पाण्याची बॅटरी बाहेर काढायची असेल तर

बऱ्याच घरांत अजून ट्युब्युलर बॅटरीच आहे, आणि ती बाहेर हलवायची इच्छा योग्यच आहे. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की तो पेट घेऊ शकतो. म्हणून तिला मोकळी हवा, छप्पर आणि सावली हवी. बंद पेटी नको, वर देवघर किंवा स्विचबोर्ड नको. डिस्टिल्ड वॉटर घालायला झाकणापर्यंत हात जायला हवा. तिचा इन्व्हर्टर मात्र घरातच ठेवा, तो पावसाचा नसतो. वायर जाड आणि आखूड हवी, ती लांबीची गोष्ट इथे आणखी कडक, कारण १२ व्होल्टला प्रवाह चौपट.

फ्लॅटमध्ये

ड्राय बाल्कनी ही पहिली सुचणारी जागा. पण वॉशिंग मशीनचं पाणी, गॅसचा पाइप आणि स्वयंपाकघराची खिडकी तिथेच असतात. एक मीटरचं अंतर काढता काढता बाल्कनी संपते. पॅसेज आणि जिना या जागा सोसायटीच्या असतातच, शिवाय आगीत पळायच्या वाटाही त्याच, तिथे चेअरमनने परवानगी दिली तरी नको. गच्चीवर जिन्याच्या खोलीची किंवा टाकीखालची सावली मिळू शकते, मात्र टाकीचं ओव्हरफ्लो बघून, आणि सोसायटीची लेखी परवानगी घेऊन. जागा मिळतच नसेल तर फ्लॅटमध्ये मोठी बॅटरी न घेणं हाही निर्णय आहे.

बसवून झाल्यावर

पोरं ड्रिल गुंडाळायच्या आत मेन स्विच बंद करून लाईट गेल्यासारखं करून बघा, ॲपमध्ये बॅटरीचं तापमान कुठे दिसतं ते विचारा आणि वायफाय भिंतीपलीकडे पोचतंय ना ते पाहा. डीसी आयसोलेटर, म्हणजे बॅटरी तोडायचा स्विच, जमिनीपासून हाताच्या उंचीवर हवा, आणि तो घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवा. मेन बोर्डाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: बॅटरी कुठल्या भिंतीला, कोणत्या प्रकारची, बंद कशी करायची, ठेकेदाराचा नंबर. धूर दिसला तर पाणी मारत बसायचं नाही, सगळ्यांनी धूर वाहतोय त्याच्या उलट बाजूला लांब व्हायचं आणि १०१ किंवा ११२ लावून 'लिथियम बॅटरी' हे शब्द सांगायचे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर ग्लँड आणि खालची बाजू टॉर्चने बघा. पहिल्या मेमध्ये आठवडाभर दुपारी दोन ते पाच ॲपमधलं तापमान टिपून ठेवा. ४० च्या खाली राहत असेल तर जागा जमली. ४५ ला टेकत असेल तर वरच्या पत्र्याला आणखी एक हात पुढे काढा आणि बाजूची हवा मोकळी करा. एवढं करूनही फरक पडला नाही तर पुढच्या मेची वाट न पाहता, वॉरंटी चालू आहे तोवरच, त्याच ठेकेदाराकडून बॅटरी हलवून घ्या.